मागच्यांना ऐकू येत नाही, पुढच्यांचे कान दुखतात

वाचकाचं पत्र, थोडक्यात

एक वाचक छोट्या-मध्यम कार्यक्रमांसाठी फिरता डिस्को चालवतात. बहुतेक कार्यक्रम ८० ते १०० माणसांच्या बंद हॉलमध्ये असतात, अधूनमधून एखादा मोकळ्या मैदानात. सध्या त्यांच्याकडे १२ इंची दोन साधे स्पीकर आणि वेगळा ॲम्प्लिफायर आहे. स्पीकर ते आपल्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बाकांवर ठेवतात. मागच्या लोकांना नीट ऐकू येत नाही, पुढच्यांचे कान दुखतात आणि ‘बेस लागत नाही’ असं दर कार्यक्रमात कोणीतरी म्हणतंच. आता त्यांना आतच ॲम्प असलेले पॉवर्ड स्पीकर घ्यायचे आहेत आणि मनात भरलीय ती १५ इंची, ‘२००० वॅट’ लिहिलेली जोडी. एक मित्र म्हणतो १२ इंची घे आणि सोबत सब (सबवूफर, फक्त खालच्या स्वरांसाठीचा वेगळा स्पीकर) घे. दुसरा म्हणतो कॉलम सिस्टिम घे, उचलायला सोपी. सामान लहान हॅचबॅकमधून जातं आणि उचलणारे ते एकटेच. ‘एकदाच मोठं घेऊन टाकलं तर प्रश्न कायमचा मिटेल ना? आणि जुने स्पीकर विकून टाकू का?’

उत्तर

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट वॅटची नाहीच. पुढच्यांचे कान दुखतात आणि त्याच वेळी मागच्यांना ऐकू येत नाही, याचा अर्थ आवाज भरपूर आहे, तो पडतोय चुकीच्या जागी. त्याच बाकांवर २००० वॅटची जोडी ठेवलीत तर पुढचे लोक उठून मागे जातील, एवढाच फरक पडेल.

हिशेब करून बघा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. तुमचा स्पीकर छातीच्या उंचीवर, पहिली रांग दीड मीटरवर आणि शेवटची १२ मीटरवर. अंतर आठपट, म्हणजे पुढच्या आणि मागच्या कानात १८ डेसिबलचा फरक. हॉलमध्ये भिंतींवरून परत येणाऱ्या आवाजामुळे हा फरक थोडा कमी होतो खरा, पण मध्ये नाचणारी माणसं उभी असतात आणि ट्रेबल त्यांच्या अंगाकपड्यांतच जिरतो. मागे पोचतो तो गढूळ, शब्द न कळणारा आवाज. मग तुम्ही ट्रेबल वाढवता आणि पुढचे कानावर हात ठेवतात.

यावर उपाय नव्या खरेदीच्या आधीच करता येतो. दोन चांगले ट्रायपॉड स्टँड आणा आणि हॉर्न (पेटीतला वरचे स्वर फेकणारा भोंगा) डोक्यांच्या वर, जमिनीपासून दोन ते सव्वादोन मीटरवर येईल असे स्पीकर उभे करा. तोंड हॉलच्या मागच्या एक-तृतीयांश भागाकडे किंचित झुकलेलं ठेवा. बऱ्याच पेट्यांच्या तळाला स्टँडच्या ३५ मिलिमीटर नळीसाठी दोन भोकं असतात, एक सरळ आणि एक थोडं तिरकं. ते तिरकं भोक त्यासाठीच असतं. नाचायची जागा स्पीकरपासून साडेतीन-चार मीटरवर सुरू होऊ द्या. आता पुढचा माणूस ४ मीटरवर आणि मागचा १४ मीटरवर धरला, तरी फरक ११ डेसिबलवर येतो. पुढचा कार्यक्रम आहेत त्याच स्पीकरवर असा करून बघा. मागची तक्रार बंद झाली, तर तुम्हाला नेमकं काय विकत घ्यायचंय ते बरंच स्पष्ट होईल.

स्टँडवर कंजुषी करू नका. स्टँडवर लिहिलेलं वजन पेटीच्या वजनापेक्षा ठळक जास्त हवं, पाय पूर्ण पसरलेले हवेत, आणि गर्दीत एका पायावर वाळूची पिशवी हवी. वीस किलोची पेटी दोन मीटरवरून खाली आली तर वॉरंटी कोणी विचारत नाही.

आता २००० वॅटबद्दल. पेटीवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा जवळजवळ नेहमी ‘पीक’चा असतो, म्हणजे क्षणभराचा. सलग मिळणारी ताकद त्याच्या निम्मी, कधी चौथा हिस्सा. तो आकडा खरा धरला तरी गणित असं आहे की वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. शेजारी शेजारी ऐकले तर फरक कळतो, पण कोणी ‘वा, केवढा मोठा’ म्हणत नाही. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. त्यामुळे १००० की २००० हा प्रश्न दिसतो तेवढा मोठा नाही.

त्याऐवजी माहितीपत्रकात ‘मॅक्सिमम एसपीएल’ शोधा, म्हणजे पेटी जास्तीत जास्त किती मोठ्याने वाजते तो आकडा. समजा लिहिलंय १३० डेसिबल, १ मीटरवर, पीक. संगीताची सरासरी पातळी शिखरापेक्षा साधारण १० डेसिबल खाली असते, म्हणून राहिले १२०. कंपन्या हा आकडा बऱ्याचदा मोजून नाही, तर हिशेबाने काढतात, म्हणून आणखी ५ वजा करा. ११५ झाले. दहा मीटरवर २० डेसिबल जातात, राहिले ९५. दोन पेट्यांचे ३ मिळवा, म्हणजे ९८. आता हे बघा की जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या कार्यक्रमांसाठी सुचवलेली कमाल सरासरी १५ मिनिटांसाठी १०० डेसिबल आहे. म्हणजे तुमच्या १०० माणसांच्या हॉलसाठी बरी १२ इंची जोडीसुद्धा कान सुरक्षित राहतील त्या मर्यादेजवळ सहज पोचते. मधल्या आणि वरच्या स्वरांसाठी तुम्हाला ताकद कमी पडतच नाही.

कमी पडतोय तो बेस, आणि बेसचं गणित वेगळं चालतं. आपला कान खालच्या स्वरांना बोथट असतो. ५० हर्ट्झचा ठोका मधल्या स्वरांच्या बरोबरीने जाणवायला तो कितीतरी जास्त जोराने वाजावा लागतो. वर, तोच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर वूफरच्या (पेटीतल्या खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) पडद्याला चौपट लांब मागेपुढे जावं लागतं. डिस्कोच्या बॉक्समध्ये सगळी मेहनत १०० हर्ट्झच्या खाली होते आणि पडदे फाटतात तेही तिथेच.

म्हणून १५ इंचीचा मोह. १५ इंची पडद्याचं क्षेत्रफळ १२ इंचीच्या दीडपट असतं, त्यामुळे बेस थोडा जास्त मिळतो हे खरंच आहे. पण त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. पडदा जितका मोठा, तितके मधले स्वर तो सरळ एका पट्ट्यात फेकतो. १५ इंचीचं हे १००० हर्ट्झच्या आसपासच सुरू होतं. स्वस्त १५ इंची पेटीत लहान हॉर्न जोडलेला असतो आणि तो २००० हर्ट्झच्या वरच सुरक्षित वाजतो. मग १००० ते २००० या पट्ट्यात समोर उभं राहिलं तर सगळं ठीक, बाजूला सरकलं की माणसाचा आवाज पोकळ. तुम्ही माइकवर घोषणा करता, त्यामुळे हा खड्डा तुम्हाला संगीतापेक्षा बोलताना जास्त टोचेल. चांगल्या, मोठा हॉर्न लावलेल्या १५ इंची पेट्या असतात, पण त्या जड आणि महाग. ज्याला सब कधीच न्यायचा नाही, जागा मोकळी आहे आणि उचलायला दुसरा माणूस आहे, त्याच्यासाठी १५ इंची शहाणपणाची निवड आहे. तुमच्या पत्रावरून तुम्ही त्यातले वाटत नाही.

माहितीपत्रक वाचताना एक गोम लक्षात ठेवा. ‘४५ हर्ट्झपासून’ असं लिहिलं असेल, तर पुढे उणे ३ डेसिबल आहे की उणे १० ते बघा. उणे १० वर तो स्वर असून नसल्यासारखा असतो. एका कंपनीने उणे १० चा आकडा छापला आणि दुसरीने उणे ३ चा, तर कागदावर पहिली पेटी जास्त खोल दिसते आणि ऐकताना दोन्ही सारख्याच निघतात.

तुमचा पहिला मित्र बरोबर सांगतोय: १२ इंची दोन टॉप (स्टँडवरच्या मुख्य पेट्या) आणि सब. पण एकदम सगळं घ्यायची गरज नाही. आधी टॉप घ्या, चांगल्या दर्जाचे, आणि दोन-चार कार्यक्रम त्यांच्यावरच करा. मग एक सब. सब आला की कापणी १०० हर्ट्झवर करा, म्हणजे त्याखालचं सब वाजवेल आणि वरचं टॉप. टॉपच्या पडद्यांची लांब धाव थांबली की त्याच १२ इंची पेट्या मोकळ्या आणि स्वच्छ वाजायला लागतात. बऱ्याच लोकांना वाटतं सबने फक्त बेस येतो, पण बोललेले शब्द सुधारतात ते मला जास्त मोलाचं वाटतं. सबच्या मागच्या आउटपुटमधून टॉपला जाणारा सिग्नल खरोखर कापलेला आहे का, हे मात्र तपासा. काही सबवर त्यासाठी वेगळं बटण असतं. ते बंद राहिलं तर टॉप पूर्ण बेस वाजवतच राहतो आणि सब घेतल्याचा निम्मा फायदा जातो.

सब एकच असेल तर मध्ये, जमिनीवर ठेवा. टेबलावर नको. भिंतीच्या कोपऱ्यात सरकवला तर आवाज आणखी वाढतो, पण त्या हॉलमध्ये तो घुमतो की ठोका नीट राहतो, ते तिथेच ऐकून ठरवा. पुढे दोन सब झाले तर दोघांना चिकटून ठेवा. एकट्यापेक्षा ६ डेसिबल मिळतात. दोन टोकांना लावले तर नाचण्याच्या जागेत मधोमध बेस दणदणीत आणि दोन पावलं बाजूला गेलं की गायब, अशी पट्टी पडते. जोडल्यावर सबचं पोलॅरिटी बटण (सिग्नल उलटा करणारं) एकदा इकडे, एकदा तिकडे करून नाचण्याच्या जागेवर उभं राहून ऐका. किक ड्रमचा ठोका ज्या बाजूला जास्त भरीव, तीच बाजू बरोबर. दोन मिनिटांचं काम, पण ते कोणी करत नाही आणि ‘सब घेऊनही काही फरक पडला नाही’ म्हणत बसतात.

वजनाचं आधी बघा. १२ इंची प्लास्टिक पेटी साधारण १५ ते १८ किलोची, एका हाताने उचलता येण्यासारखी. १५ इंची २० किलोच्या आसपास किंवा वर. १८ इंची सब ३५ ते ५० किलोपर्यंत जातो आणि तो एकट्याने जिना चढवणं म्हणजे कंबरेला आमंत्रण. तुम्हाला १५ इंची सब जास्त सोयीचा. डिकीचं तोंड टेपने मोजा, डिकीची खोली नव्हे. पेटी आत मावते आणि दारातून जात नाही, असं फार होतं.

कॉलम सिस्टिमबद्दल थोडक्यात. खाली सबचा ठोकळा, वर छोट्या स्पीकरांची उभी काठी. मांडायला पाच मिनिटं, बाजूला पसरणारा आवाज, आणि पुढे-मागे पातळी बऱ्यापैकी सारखी. साठ-सत्तर माणसं, जेवताना मागे वाजणारं संगीत, भाषणं, यासाठी फार छान. पण नाचाला रंग चढला की खालचा १० किंवा १२ इंची सब आधी थकतो आणि लिमिटर (पेटी जपण्यासाठी आवाज रोखणारं आतलं सर्किट) बेस दाबायला लागतो. शिवाय सगळे ॲम्प त्या एका ठोकळ्यात. तो बंद पडला आणि सिस्टिम एकच असेल तर कार्यक्रम संपला. दोन टॉपमधला एक गेला तरी दुसऱ्यावर रात्र निभावते. मोकळ्या मैदानातही तुम्ही जाता, तिथे भिंती मदतीला नसतात, म्हणून कॉलम तुमच्यासाठी मी सुचवणार नाही. मैदानातल्या मोठ्या गर्दीसाठी आणखी दोन सब त्या दिवसापुरते भाड्याने आणणं हे विकत घेऊन वर्षभर उचलण्यापेक्षा बरं.

ऐकून निवडताना दुकानात दोन पेट्या वाजवून ‘ही छान’ म्हणू नका. जी जरा मोठ्याने वाजते ती नेहमीच छान वाटते. दोघींचा आवाज आधी सारखा करून घ्या, फोनवरचं मोजमापाचं ॲप एवढ्या तुलनेपुरतं चालतं. स्वतःची ओळखीची गाणी न्या, चांगल्या बिटरेटची. ‘डीजे’, ‘क्लब’ असले मोड बंद करून सपाट सेटिंगवर ऐका. समोर ऐकल्यावर ४५ अंश बाजूला जा आणि स्वतःचा आवाज माइकवरून ऐका. शब्द तिथेही तसेच हवेत. मग आवाज चढवत न्या, लिमिटरचा दिवा लागेपर्यंत आणि जरा पुढे. चांगली पेटी तिथे फक्त वाढायची थांबते. वाईट पेटी कर्कश होते किंवा बेस दर ठोक्याला श्वास घेतल्यासारखा खाली-वर होतो. शेवटी गाणं थांबवून पेटीतल्या पंख्याचा आवाज ऐका, भाषणाच्या कार्यक्रमात तो आड येतो. ब्लूटूथ आहे की नाही याला फारसं महत्त्व देऊ नका. ऐन नाचात फोन वाजला तर रिंगटोन सगळ्यांना ऐकू जाते. सेकंडहँड घेत असाल तर मागच्या जाळीजवळ नाक नेऊन जळका वास येतो का बघा आणि खालचे स्वर हळू आवाजात चढते वाजवून कुठे खरखर होते का ऐका.

आणल्यावर पेट्या मरतात त्या बहुतेक मिक्सरमुळे. क्रम असा ठेवा. स्पीकरमागचं माइक-लाइन बटण लाइनवर, नॉब मधल्या किंवा ‘०’ लिहिलेल्या खुणेवर. मिक्सरवर सगळ्यात जोरकस गाणं लावा आणि गेन (मिक्सरमध्ये येणाऱ्या सिग्नलची पातळी) एवढाच वाढवा की मीटर शून्याच्या आसपास खेळेल आणि लाल दिवा लागणार नाही. मिक्सर लाल गेला की लाटेची टोकं तिथेच कापली जातात. पेटीतला लिमिटर पातळी दाबू शकतो, पण कापलेली लाट परत गोल करू शकत नाही. ती खरखर सलग हॉर्नमध्ये जात राहते आणि त्याची नाजूक कॉइल तापून जाते. बेसचा नॉब ६ डेसिबलने वर केला की तेवढ्या भागाला चौपट वॅट लागतात. ‘थोडासाच वाढवला’ म्हणताना हे आठवू द्या. पेटीवरचा लिमिटर दिवा ठोक्याला लुकलुकला तर चालतं. सलग पेटून राहिला तर आवाज उतरवा.

डाव्या पेटीला डावा, उजव्या पेटीला उजवा सिग्नल देऊ नका, दोघींना मोनो, म्हणजे दोन्ही एकत्र केलेला एकच सिग्नल द्या. हॉलच्या एका टोकाला नाचणाऱ्याला एकच स्पीकर ऐकू येतो आणि गाण्याचं अर्धं वाद्यवृंद दुसऱ्या टोकाला राहतं. मिक्सरपासून स्पीकरपर्यंत एक्सएलआर (तीन पिनांची) वायर वापरा. लॅपटॉप चार्जरला लावला की गुणगुण येत असेल आणि चार्जर काढला की जात असेल, तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स लावा. अर्थची पिन काढून गुणगुण घालवण्याचा उपाय कोणी सुचवला तर ऐकू नका. बिघाड झाला की मिक्सरला हात लावणाऱ्यालाच त्याचा झटका बसतो.

माइक स्पीकरच्या मागे राहू द्या. शिट्टी वाजायला लागली तर आधी जागा बदला, मग २ ते ४ किलोहर्ट्झचा भाग थोडा उतरवा.

विजेचं फार अवघड नाही. आजकालचे ॲम्प लिहिलेल्या वॅटच्या आठव्या हिश्श्याच्या आसपास सरासरी खेचतात, त्यामुळे दोन टॉप आणि एक सब एका चांगल्या सॉकेटवर बहुधा निभतात. एक्स्टेंशनची रीळ मात्र पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर तापते. वीस मीटरच्या पुढे दीड एमएमऐवजी अडीच एमएमची वायर घ्या. लाइट आणि धुराचं मशीन वेगळ्या सर्किटवर. चालू करताना स्पीकर सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी, नाहीतर मिक्सरचा ‘धप’ थेट पडद्यावर बसतो. पॉवर कॉर्डचा प्लग स्टँडच्या हादऱ्याने हळूहळू निसटतो, म्हणून ती पेटीच्या हँडलला वेलक्रोने बांधा. उन्हात काळी पेटी ठेवू नका, ॲम्प तापून स्वतःच बंद होतो आणि लोकांना वाटतं पेटी जळाली.

जुने स्पीकर विकायचे का? नव्या जोडीवर चार-सहा कार्यक्रम होईपर्यंत विकू नका. आणीबाणीला ते आणि ॲम्प गाडीत असले तर बरं, जागा नसेल तर घरी. फक्त एक काळजी घ्या. जुन्या ॲम्पच्या स्पीकर आउटपुटची वायर नव्या पॉवर्ड पेटीच्या इनपुटमध्ये चुकूनही लावू नका. जॅक सारखाच दिसतो आणि अंधारात घाईत सहज बसतो. तिथे काही व्होल्टचा सिग्नल अपेक्षित असतो, ॲम्प त्याच्या कितीतरी पट देतो आणि इनपुट सर्किट पहिल्याच ठोक्याला जळू शकतं. जुन्या वायरींना दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळा आणि वेगळ्या पिशवीत ठेवा.